वरच्यांचं पाणी, खालच्यांचं घर

जमीन बघायला बोलावणारी माणसं पहिल्याच फोनवर मला विचारतात, "मग आराखडा कधी देणार?" मी ती जमीन अजून पाहिलेलीही नसते. तिथे ऊन कुठून येतं, वारा कुठून घुसतो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, शेजारी कोण राहतं, यातलं काहीही मला ठाऊक नसतं. पण यांना आराखडा हवा असतो, तोही रंगीत. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा निदान पोहे संपेपर्यंत थांबतात.

शाळेत विज्ञान शिकवण्यातून मोकळी झाल्यावर मी हा उद्योग मागे लावून घेतला. पर्माकल्चर हे त्याचं नाव. शेत, झाडं, पाणी, गुरं, माणसं या सगळ्यांचा एकत्र विचार करून जमीन अशी आखायची की पुढे ती बरीचशी आपली आपण चालावी, एवढाच त्याचा अर्थ. यातलं निम्म्याहून जास्त काम नुसतं बघण्याचं असतं, आणि आपल्या लोकांना नेमका त्याचाच कंटाळा. खणायला सांगा, खणतील. झाडं आणायला सांगा, टेम्पो भरून आणतील. नुसतं उभं राहून बघा म्हटलं की यांचे पाय दुखायला लागतात.

नवरात्रात माझ्या मावसभावाचा, विनयचा, फोन आला. तो आणि त्याची बायको शुभदा डोंबिवलीला राहतात. कल्याणच्या अलीकडे, मलंगगडाच्या अंगाला त्यांनी वीस गुंठे जमीन घेऊन ठेवली होती. नोकरी संपल्यावर तिथे झाडं लावायची, भाजी करायची, कोंबड्या पाळायच्या, असं ते दोघं कितीतरी वर्षं बोलत आले होते. आता नोकरी संपली होती.

"ताई, आराखडा रेडी आहे," विनय म्हणाला. "तू फक्त येऊन बघ आणि ओके म्हण."

माझं डोकं तिथेच फिरलं होतं. तरी मी गेले. त्या तीन दिवसांची ही हकिगत. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण त्या बाजूच्या कुठल्याही गावाला ती लागू पडेल.

खोपट

मी सध्या ठाण्यात, खोपटला भाड्याच्या घरात राहते, कारण नौपाड्यातली आमची इमारत पाडायला घेतली आहे. ती का पाडावी लागली, तेही सांगते. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा रस्त्यावरून इमारतीत जाताना पायऱ्या चढाव्या लागत. मग रस्त्यावर थरावर थर चढत गेले. जुना थर खरवडून काढायचा असतो, हे रस्ता करणाऱ्यांना कुणी शिकवलं नव्हतं की शिकून ते विसरले होते, कोण जाणे. पायऱ्या एकेक करून गडप झाल्या. शेवटी शेवटी रस्त्यावरून इमारतीत आम्ही उतरत होतो. मोठा पाऊस झाला की तळमजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी गाद्या गुंडाळून आमच्याकडे वर येत आणि आम्ही सगळे मिळून रस्त्याला शिव्या घालत असू.

सोसायटीची सेक्रेटरी असताना पंपाच्या खोलीच्या भिंतीवर मी स्वतः निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'पाणी जपून वापरा'. टर्पेंटाइन जास्त झालं आणि 'णी'च्या वेलांटीवरून रंगाचा एक लांब ओघळ खाली आला. "मॅडमचं पाणी गळतंय," म्हणून इमारतीतली पोरं हसायची. तो ओघळ मी कधी पुसला नाही आणि पंपाची खोली उभी होती तोवर तो तसाच होता. नवी इमारत होईल तेव्हा जोतं रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच घेऊ, पाण्याची कटकट कायमची मिटेल, असं बिल्डरच्या माणसानं मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी टेंभी नाक्यावर गेले तर देवीचा मांडव उतरवत होते. बांबूंच्या गराड्यातून वाट काढत पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून लांब पारदर्शक नळी घेतली. गवंडी लोक तिला लेव्हलची नळी म्हणतात. नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोघांनी दोन ठिकाणी उभी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग कुठली जागा किती उंच आणि कुठली किती खोल ते मोजून घ्यायचं. भाड्याच्या घरातल्या लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्याही पिशवीत टाकल्या. माझी सगळी यंत्रसामग्री एवढीच.

डोंबिवली

वाटेतल्या शीळफाट्याच्या वाहतूककोंडीबद्दल लिहीत नाही. ज्यांनी ती भोगली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगली नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

शुभदानं वालाचं बिरडं केलं होतं. सोबत तांदळाची भाकरी, सोलकढी आणि तळलेले बोंबील. शुभदाच्या हाताला चव आहे आणि समोरच्याला आग्रहानं जेवू घालण्याची सवयही. त्यामुळे पहिली भाकरी संपेपर्यंत मी गोड बोलत होते. मग विनयनं ताटाशेजारीच आराखडा उलगडला.

पर्माकल्चरची शिबिरं घेणाऱ्या कुणीतरी तो करून दिला होता. कागद गुळगुळीत, रंग झकास. मध्ये गोगलगायीच्या आकाराचा मसाल्याच्या रोपांचा वाफा, चारी कोपऱ्यांत केळीची गोल आळी, कडेनं हापूस, अ‍ॅव्होकॅडो, ड्रॅगनफ्रूट, आणि संबंध जमिनीवर आडव्या वळणदार चरांच्या ओळी.

"हे काढणाऱ्यानं जमीन बघितली?"

"फोटो पाठवलेले ना मी. ड्रोनचा पण पाठवलेला."

"विनय, चर खणतात ते कोरड्या उतारावर, पळून जाणारं पाणी जिरवायला. तुझी जमीन भातखाचराची. चिकणमाती. तिथे पाणी आधीच थांबतं. भिजलेल्या माणसाला हा पुन्हा नळाखाली बसवतोय."

"म्हणून तर ताई, खालचा अर्धा भाग मी भरून घेतोय," विनय भाकरी मोडत म्हणाला. "सोमवारी गाड्या येतायत."

माझा घास हातातच राहिला. "भरून म्हणजे?"

"भराव गं. दिवाळीपर्यंत पाणी साचलेलं असतं तिथे, झाडं कुजतील सगळी. एकाशी ओळख झाली, त्याच्याकडे ठाणे-मुलुंडच्या पाडकामांचा माल येतो. त्याला टाकायला जागा पाहिजे, मला उंची पाहिजे. पैसे पण घेत नाहीये तो. नमुन्याला एक गाडी टाकून पण गेलाय."

"मी म्हटलेलं यांना, आधी ताईंना विचारा," शुभदा हळूच म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. भांडण दिसलं की ती वाढायला घेते.

माणसं रासायनिक खत नको म्हणून सहा महिने शेणखताचा शोध घेतात, भाजीला कीटकनाशकाचा वास येतो म्हणून शेती घेतात, आणि त्याच शेतात तुटकी कमोडं, रंग लागलेला गिलावा आणि थर्मोकोल ओतून घेतात, वर ते मिळालं म्हणून खूशही होतात. याला काय म्हणावं? मी म्हणायचं ते म्हटलं. विनयनं ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण लहानपणापासून त्याला माझ्या आवाजाची सवय आहे, आणि म्हणाला, "उद्या बघ तर खरं."

शेतावर

रविवारी सकाळी पोचलो. मलंगगडाच्या सुळक्यावर अजून धुकं होतं आणि आसपासची उरलीसुरली भातशेतं पिवळी पडायला लागली होती. उरलीसुरली म्हणते, कारण दर दोन शेतांमागे एका शेताला भिंत आणि भिंतीला लोखंडी गेट. विनयच्या जमिनीचा वरचा अर्धा भाग रस्त्यालगत, कोरडा आणि मोकळा. खालच्या अर्ध्यात घोट्याएवढं पाणी, त्यात लव्हाळा, लव्हाळ्यावर चतुर आणि मधूनच स्वतःशी गंभीर चर्चा करत फिरणारे बगळे. बांधाला खेकड्यांची बिळं. पाण्यात बारीक मासे इतके की आपली सावली पडली की सगळं पाणी थरथरायचं. मला ती जागा पाहताक्षणी आवडली.

त्या आवडीच्या भरात मी पुढे पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय निघाला, चप्पल राहिली. विनयनं कोपरापर्यंत हात घालून ती शोधली, शुभदा बांधावर बसून पोट धरून हसत होती, आणि राग राग करायला आलेली मीसुद्धा हसले. पण हातभर चिखल वर आला तो काळाभोर, मऊ, लोण्यासारखा. पिढ्यान् पिढ्यांच्या पावसानं डोंगरावरून आणून इथे ठेवलेला. "हे बघ," मी विनयच्या नाकाशी तो धरला, "यावर तू सिमेंट ओतणार."

मग नळी काढली. एक टोक विनयकडे, एक माझ्याकडे, मोजायला शुभदा. आधी आम्ही वरच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या भिंतीशी गेलो. भिंतीवर 'ऑरगॅनिक फार्म' अशी हिरवी पाटी, आत प्लास्टिकची हिरवळ, मालक गैरहजर. भिंतीच्या फटीतून आत पाहिलं तेव्हा एका जुन्या आंब्यावर नजर खिळली. झाडाचं खोड जमिनीत शिरताना रुंदावतं, त्याला पाय फुटल्यासारखं दिसतं. याचं खोड खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं, आणि पहिली फांदी माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. आंबा ठेंगणा नव्हता. आंबा पुरला होता. शेंडा वाळायला लागला होता.

"विनय, ही जमीन पूर्वी तुझ्याच पातळीला होती. त्यानं भराव टाकलाय. भिंतीच्या पायाशी बघ."

भिंतीच्या पायाशी ओळीनं पाईपांची तोंडं होती आणि सगळी विनयच्या जमिनीकडे वळवलेली. ज्या पाण्याला विनय आपल्या जमिनीचा दोष म्हणत होता, ते शेजाऱ्यानं घालवलेलं पाणी होतं. मला इतका संताप आला की मी त्या हिरव्या पाटीला उद्देशून मोठ्यानं जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही.

विनयचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे माझी चूक नाहीये. मग मी पण उंच करतो ना. हिशोब बरोबर."

"आणि मग पाणी कुठे जाईल?"

मी नळीचं टोक घेऊन खालच्या बांधापर्यंत चालत गेले. बांधाच्या पलीकडे, विनयच्या खाचरापेक्षा छातीभर खाली, पाचसहा घरांची वस्ती होती. निळ्या रंगाचं छोटं विहार, त्याच्यापुढे तुटका पार, पत्र्याची आणि विटांची घरं. मोजायची काही गरज नव्हती. पण मी मोजलं, विनयकडून मोठ्यानं आकडा वाचून घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"ताई, असं बघू नकोस. वरच्यानं भरलं, त्याच्या वरच्यानं भरलं. सगळ्यांनी भरलं. मग मीच का तळं व्हायचं?"

कबूल करते, प्रश्न खरा होता. पण चूक दुसऱ्यानं केली म्हणून आपल्या वाट्याची चूक करून घ्यायचीच, हा हक्क माणसाला कुणी दिला? तेवढं मी म्हटलं आणि नमुन्याच्या ढिगाशी गेले. एका बरणीत खाचरातली माती घेतली, दुसरीत ढिगातली. दोन्हींत पाणी घालून हलवायच्या आणि रात्रभर ठेवायच्या, म्हणजे मातीत काय काय आहे ते थराथरानं खाली बसतं.

जाधवांच्या घरी

वस्तीतल्या पहिल्या घराच्या दारात एक माणूस मघापासून आमची नळीची कसरत बघत उभा होता. तो अशोक जाधव. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे, त्या दिवशी सुट्टी होती. "या ना मॅडम, चहा घ्या," म्हणाला आणि स्वतःच्याच घरात शिरताना कमरेत वाकला. मी वाकायला विसरले आणि कपाळ चौकटीला आपटलं.

"सगळ्यांचं आपटतं," आतून त्याची आई शांताबाई म्हणाल्या. "बसा, बसल्यावर नाय लागत."

घर स्वच्छ, भिंती निळसर, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. पण त्या घरात काहीतरी विचित्र होतं आणि ते काय, हे मला चहा येईपर्यंत कळलं नाही. खिडकी गुडघ्याशी होती. विजेचं बटण मांडीशी. छताला पंखा नव्हता, त्याचा नुसता आकडा होता, आणि तो अशोकच्या केसांना जवळजवळ लागत होता.

"जमीन वर घेतलीय आम्ही आतून," अशोकनं सांगितलं. "वरच्या साहेबांची भिंत झाली, त्या साली पाणी आलेलं घरात. मग एक थर टाकला. पुढच्या साली परत आलं, परत टाकला. पंखा काढला, पोरीचा हात लागायचा ना. कपाट तेवढं विटांवर आहे."

"आणि आता अजून आलं तर?"

"आता नाही उचलता येणार." तो हसला. "आता आम्हालाच छोटं व्हायला लागेल."

शांताबाईंनी न विचारता ताटलीत भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवली. नौपाड्यात सकाळी अकराला कुणाकडे गेलं तर यजमान आधी घड्याळाकडे बघतो. भाकरी गरम होती, चटणीनं नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि मला ते बरंच वाटलं, कारण डोळे तसेही भरून आले होते. विनय माझ्या शेजारी मान खाली घालून खात होता. वर करायला जागाही नव्हती.

"सर, तुम्ही भरताय म्हणे," अशोक शेवटी म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, तेच मला जास्त टोचलं. "आम्ही काय अडवणार? तुमची जागा. फक्त दोन गाड्या आम्हाला पण द्यायला सांगा. मागच्या बाजूला टाकतो, पाणी नाल्याकडे वळेल."

"आणि नाल्याच्या पलीकडे कोण राहतं?" मी विचारलं.

"माझी मावशी," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला, तर नेमका आपटलेल्या जागीच लागला. एकाहून एक! वरचा साहेब विनयवर पाणी ढकलतो, विनय अशोकवर, अशोक मावशीवर. पाणी बिचारं उताराकडे जातं, त्याचा स्वभाव आहे. आपला स्वभाव कुणी ठरवला?

परतीच्या वाटेवर मी विनयला माझा आराखडा तोंडीच सांगितला. वरच्या कोरड्या भागात आंबा, फणस, भाजी, कोंबड्या, काय हवं ते. खालच्या भागात एक छोटं तळं आणि त्याच्या कडेनं भात, अळू, बांधावर जांभूळ आणि बांबू. वरून येणारं पाणी तिथे थांबेल, जिरेल, आणि उरलेलं बांधातल्या मोरीतून हळूहळू नाल्याला जाईल. वस्तीत घुसणार नाही. मासे मिळतील, उन्हाळ्यात वरच्या झाडांना पाणी मिळेल.

"म्हणजे अर्धी जमीन पाण्याला."

"ती आहेच पाण्याची. तू फक्त मान्य करायचंस."

"शब्द दिलाय गं त्याला," विनय म्हणाला. "उद्या गाड्या निघणार. आता नाही कसं म्हणू?"

खालच्या घरात माणसाला ताठ उभं राहता येत नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि अडचण याची होती की एका भराववाल्याला नाही कसं म्हणायचं! भिडस्तपणा हा आमच्या घराण्याचा गुण म्हणून सांगतात. मला तर वाटतं, आजवर जेवढी तळी बुजली त्यातली निम्मी भिडेपोटीच बुजली असतील.

सोमवार

सकाळी शुभदाच्या ओट्यावर दोन्ही बरण्या तयार होत्या. खाचरातल्या मातीचे थर सुरेख बसले होते, तळाशी थोडी रेती, त्यावर जाड काळी चिकणमाती, वर चहासारखं पाणी आणि त्यात तरंगणारा पालापाचोळा. दुसऱ्या बरणीत तळाशी विटांचा चुरा, त्यावर राखाडी लगदा आणि वर थर्मोकोलचे मणी. शुभदानं ती बरणी उचलून विनयच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. विनयनं चहा अर्धा सोडला.

आम्ही पोचेपर्यंत पहिला डंपर मागे येत बांधाच्या तोंडाशी लागला होता. विनय गाडीतून उतरला, दोन पावलं पुढे गेला, हात वर करू की नको असा त्याचा एक हात अर्धवट उचललेला. मी "अरे थांबव!" म्हणून ओरडले. तेवढ्यात डंपरची पाठ वर झाली आणि सगळं धडाधड खाचरात कोसळलं. बगळे उडाले. धूळ खाली बसेपर्यंत कुणाला काही दिसेना.

खालून अशोक आला होता, मागे शांताबाई. दुसरा डंपर रस्त्यावर हॉर्न वाजवत थांबला होता. मी विनयवर तोंडसुख घेतच होते. हे कुणाचं पाप तू आपल्या शेतात घेतोस, ज्याचं घर त्यानं आपल्या दारात ठेवावं, लोकांना नवी घरं हवीत आणि जुनी दुसऱ्याच्या ताटात वाढायची, लाजा कशा वाटत नाहीत. अशा अर्थाचं बरंच काही. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात असावा, कारण हॉर्न थांबला.

शांताबाई ढिगाशी वाकल्या होत्या. त्यांनी द्राक्षाच्या घोसाचं चित्र असलेली एक फरशी उचलली, पदरानं पुसली. "चांगलं घर होतं ओ कुणाचं तरी," त्या म्हणाल्या.

"असेल कुणा शहाण्याचं," मी म्हणाले आणि ढिगाकडे पाहिलं.

ढिगाच्या कडेला, निम्मा पाण्यात, भिंतीचा एक मोठा तुकडा आडवा पडला होता. गिलावा शाबूत. त्यावर निळ्या ऑइलपेंटमधली दोनच अक्षरं. पहिलं 'पा'. पुढे 'णी'. वेलांटीवरून खाली आलेला लांब निळा ओघळ.

मी बोलायची थांबले. माझं बोलणं मध्येच थांबलेलं विनयनं जन्मात पाहिलं नसावं, तो घाबरून जवळ आला. "ताई, काय झालं? चक्कर येतेय का?"

मी फक्त बोट दाखवलं. तो ओघळ त्याला ठाऊक होता. आमच्याकडे गणपतीला येताना पंपाच्या खोलीपाशीच तो चपला काढत असे.

राग गेला नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट इतका वाढला की कुठे ठेवावा ते कळेना. काल त्या हिरव्या पाटीवर ठेवला होता, मघाशी विनयवर ठेवला होता. त्या मीटिंगमधल्या टाळ्या आठवल्या. पुरुषभर उंच जोतं. कुलकर्णी वहिनींच्या गाद्या आता भिजणार नाहीत. शेजारची जुनी इमारत तशीच खाली राहणार आहे, तिच्या तळमजल्यावर कोण राहतं, हे मला या क्षणीही नीट सांगता येणार नाही.

"कुणाचं होतं?" शांताबाईंनी विचारलं. फरशी अजून त्यांच्या हातात होती.

"माझं," मी म्हणाले.

त्यांनी फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

विनय तेवढ्यात रस्त्याकडे निघाला होता. आता त्याचा हात पुरता वर होता. दुसऱ्या डंपरपुढे जाऊन तो उभा राहिला, मागे वळून जा अशी खूण केली, आणि भराववाल्याला फोन लावून मान हलवत, अडखळत, पण स्पष्ट नाही म्हणाला. तीनदा म्हणाला. शुभदा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पडलेला ढीग परत भरून न्यायचा, हेही त्यानं त्याच फोनवर सांगितलं. त्यावर पलीकडचा आवाज इतका चढला की तो आम्हालाही ऐकू आला, पण विनय जागचा हलला नाही.

डंपरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून आमच्याकडे बघत होता. सकाळपासून उपाशी असावा, घामाघूम झालेला.

"तो फिर ये सब कहाँ डालूँ?" त्यानं विचारलं. "कोई लेता नहीं, बोलो ना, कहाँ डालूँ?"

विनयनं माझ्याकडे पाहिलं. अशोकनं पाहिलं. दोन दिवस सगळ्यांना सगळं शिकवत फिरलेली बाई आता काय सांगते, म्हणून सगळेच बघत राहिले.

मी फरशी हातात घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेले आणि त्याला पत्ता सांगितला. इमारतीचं नाव, गल्ली, नौपाडा, ठाणे पश्चिम. अडखळायचा प्रश्नच नव्हता. लग्न झाल्यापासून मी तोच लिहीत आले आहे.